खंडारे सरांचा राहून गेलेला व्हायवा

मी माझ्या सरांना नापास केलं होतं.

दोन मार्कांनी.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं. वर्षभर हे कुणालाच सांगितलं नाही. आज लिहितेय.

खंडारे सर मला चिखलीला डिप्लोमाला शिकवायला होते. मेकॅनिकलला आम्ही तीनच मुली. वर्कशॉपमध्ये सर भट्टीतल्या लोखंडाचा नुसता रंग बघून सांगायचे, आता काढा, आता पाण्यात घाला. नंतर मशीनवर कडकपणा मोजला की त्यांचा अंदाज बरोबर निघायचा.

डिप्लोमा संपला तेव्हा घरी माझ्या लग्नाचं चाललं होतं. सर एसटीने आमच्या गावी, सुलतानपूरला आले. बाबांसमोर बसले.

"पोरगी हुशार आहे. तिले शिकू द्या. लग्न काय, चार वर्षांनी बी होते."

बाबांनी मला इंजिनिअरिंगला पाठवलं. पुढे मी मटेरियल सायन्समध्ये एमटेक केलं आणि बुलढाण्याला एका कॉलेजात एमटेकच्याच मुलांना शिकवायला लागले.

आणि एका वर्षी ॲडमिशनच्या लिस्टमध्ये सरांचं नाव दिसलं.

वय बावन्न. त्यांच्या कॉलेजने सांगितलं होतं, एमटेक नसेल तर विभागप्रमुख करता येणार नाही. मागून आलेले दोघं त्यांच्या पुढे गेले होते.

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले, सगळे उभे राहिले. शेवटच्या बाकावर सरही.

"सर, तुम्ही नका ना उभे राहू."

ते तसेच उभे राहिले. तास संपल्यावर कॉरिडॉरमध्ये हळूच म्हणाले, "वर्गात मले सर म्हणत नको जाऊ, वैशाली. पोरं हसतात."

त्यानंतर वर्गात मी त्यांची मॅडम.

हातातलं काम त्यांना सगळं यायचं. कागदावरचं थर्मोडायनॅमिक्स जमेना. बीई होऊन तीस वर्षं झाली होती. "मॅडम, हे परत सांगता का?" असं ते विचारायचे. एकदा एकाच तासात तिसऱ्यांदा विचारलं, आणि पुढच्या बाकावरची पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

मी म्हणाले, "हे बेसिक आहे. घरून वाचून येत जा."

त्यांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

दुसऱ्या सेमिस्टरचे पेपर माझ्याकडे आले. वर नावं नसतात, कोड असतो. पण तीन वर्षं जे अक्षर मी फळ्यावरून उतरवून घेतलं, ते मला ओळखू येणार नाही का?

अडतीस भरले. पासिंग चाळीसला.

तीनदा बेरीज केली. एक डेरिव्हेशन अर्धं बरोबर होतं. दुसऱ्या कुणाचा पेपर असता तर तिथे दोन मार्क दिले असते. खरंच दिले असते.

त्यांचा होता म्हणून दिले नाहीत. ओळखीतल्या माणसाला पास केलं असं मलाच वाटत राहील, ही भीती होती. मी स्वतःला जपलं.

रिझल्टनंतर ते स्टँडवर भेटले.

"पेपर तूच तपासला नं?"

"हो सर."

"हाव. मंग बरोबरच तपासला असशीन."

आणि चिखलीच्या गाडीत चढले.

सगळे पेपर सुटल्याशिवाय प्रोजेक्ट सुरू करता येत नाही, असा आमच्याकडे नियम. सरांचे सहा महिने गेले. दुसऱ्या वेळी ते छप्पन्न मार्कांनी पास झाले.

प्रोजेक्ट त्यांनी वखराच्या पाशीवर, म्हणजे त्याच्या लोखंडी पात्यावर घेतला. आपल्या काळ्या जमिनीत ती का झिजते, आणि लोखंड तापवून त्याला कसं पाणी दिलं तर जास्त टिकते. लॅबमध्ये ते दिवसभर उभे असायचे. तेव्हाच पोट दुखायला लागलं होतं. पट्टा एकेक भोक आत जात होता. मी दोनदा म्हणाले, दाखवून घ्या.

"ॲसिडिटी आहे. प्रोजेक्टचा रिपोर्ट जमा झाला का मंग पाहू."

रिपोर्ट जमा झाला. मग दाखवलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला.

प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेच्या, व्हायवाच्या तारखेला त्यांना उठून बसता येत नव्हतं.

त्याच आठवड्यात मी चिखलीला सरांच्या घरी गेले. काकू चहा ठेवून आत गेल्या. मला राहवलं नाही.

"सर, तो पेपर तुमचा आहे हे मला माहीत होतं. अक्षर ओळखलं होतं मी."



"मले माहीत होतं, तू ओळखशीन."

मग म्हणाले, "त्या दिवशी मुद्दाम सावकाश लिहिलं होतं. नीट. म्हटलं, वैशाली पाहीन. दोन-चार मार्कांसाठी अडवणार नाही."

मला वाटत होतं ते म्हणतील, तू बरोबर केलं. तेवढं ऐकायलाच मी गेले होते.

तसं ते म्हणाले नाहीत.

"चहा घे. थंडा होऊन राह्यला."

नवव्या दिवशी सर गेले.

व्हायवा नाही तर डिग्री नाही. मी अर्ज केले, दोनदा युनिव्हर्सिटीत जाऊन आले. काही झालं नाही.

काकूंनी महिन्याभराने विचारलं, "त्यांचं ते एमटेक झालं का वं?"

"नाही काकू."

"तू तं तिथंच आहे नं? तुह्याच्यानं काही नाही झालं?"



पल्लवी, सरांची मुलगी म्हणून तू हे वाचशीलच. आईला वाचून दाखव. त्यानंतर मी घरी यावं की नाही, ते त्यांनी सांगावं.

सर, माफी मागायची होती तेव्हा मी शाबासकी मागत बसले. आता उशीर झाला.

तुमची विद्यार्थिनी,
वैशाली