इनासदादाच्या कोटाची बाही

दुपारचं जेवण झाल्यावर फिलोमिना आरामखुर्चीत टेकते. डोळे मिटतात, तरी भोवतीची जुनी शिलाई मशीनं दिसत राहतात. जर्मन, स्विस, स्वीडिश. कुठलं वेलीचा टाका घालणारं, कुठलं हंसांची रांग काढणारं. वसईतल्या या खोलीत तिनं आयुष्यभर जमवलेली. त्यांत फक्त एक मशीन नाही. बोटीवर शिंपीकाम करणाऱ्या पप्पांनी इटलीहून खास तिच्यासाठी आणलेलं. ते थोरल्या भावानं, इनासनं, बळकावलं आणि मरायच्या आधी मुद्दाम भंगारात घातलं.

मशीन खडखडतं. जर्मन मशीनपाशी इनास बसलाय. ज्या काळ्या कोटात त्याला पुरलं, तोच अंगावर.

"फिलू, बाही उसवलीय. तेवढी शिवून दे."

"माझ्या मशीनची वाट का लावलीस, दादा?"

तो हसतो. "तू त्यावर वेली काढल्या असत्यास. सगळे म्हणाले असते, बापाचा हात पोरीत उतरला."

"आणि आता त्या पोरीच्याच दारात आलास?"

"पप्पा थांबलेत. असा उसवलेला गेलो तर वर घेणार नाहीत."

खिडकीबाहेर चिंचेच्या झाडाच्या जागी धक्का आहे, पांढरी बोट आहे. कठड्याशी पप्पा, गळ्यात टेप. खाली नुसता दोर लोंबतोय.

फिलोमिना सुईत दोरा ओवते. "हात पुढे कर. दोन्ही."

तो मुकाट्यानं करतो. सुई चालू लागते. हंसामागे हंस, इतके सुबक की इनास बघतच राहतो. ती थांबते तेव्हा त्याच्या दोन्ही बाह्या एकमेकींना शिवलेल्या असतात.

बोटीचा भोंगा होतो.

"फिलू, सोडव! दोर कसा धरू?"

"कशानं सोडवू? कात्री मीही भंगारात घातली."

तो तिच्या अंगावर झेपावतो. ती कोटाला धरून त्याला मागं ढकलते. खोलीत गुडघाभर पाणी चढलंय. तिकडे पप्पा दोर वर ओढून घेतायत. "पप्पा!" इनास टाहो फोडतो. पप्पा मान वळवत नाहीत. बोट निघते, आणि फिलोमिनाच्या छातीत गार गार वाटतं.

"मम्मी, चहा ठेवलाय," सून आतून हाक मारते. "झोपेत कुणावर ओरडत होतात?"

फिलोमिना डोळे उघडते. फरशी कोरडी आहे. आवळलेली मूठ ती सोडते, तर तळहातावर काळं बटण, मागं उपटून आलेली कापडाची चिंधी.

"कुणावर नाही गं," ती म्हणते. मग उठून बटण आपल्या बटणांच्या डब्यात टाकते, डबा खळाखळा हलवते आणि झाकण घट्ट लावते.