शंभर टक्के ऑन-रोड

अन्याय माझ्या मामावर झाला. कधी, तेही सांगते, कारण पत्रकात वार-वेळ नसली की लोक त्याला गप्पा समजतात. गेल्या श्रावणातला दुसरा मंगळवार, सकाळी आठला दहा मिनिटं कमी. ठिकाण तळोजा एमआयडीसी, कंपनीच्या गेटपासून हाकेच्या अंतरावर. मामाच्या सात सीटर गाडीत कंपनीच्या कॅन्टीनमधल्या सहा बायका होत्या. रोज सकाळी कामोठ्यातून त्यांना घ्यायचं आणि आठच्या आत गेटवर सोडायचं, ही मामाची ड्यूटी. त्या दिवशी मागचं डावं चाक पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गेलं. खड्डा बुजवायला कुणीतरी पेव्हर ब्लॉक टाकले होते. त्यातला एक आत सुळ्यासारखा उभा राहिला होता. त्याने टायर बाजूने उभा चिरला. बायका साड्या वर धरून चिखलातून चालत गेल्या, आणि कंपनीच्या साहेबलोकांचे पोहे उशिरा झाले.

पोहे उशिरा झाले म्हणजे चौकशी होणारच. ट्रान्सपोर्ट बघणाऱ्या साहेबाने एक फॉर्म काढला, ‘वाहन बिघाड अहवाल’. कारणाला तीन चौकोन होते: चालकाचा निष्काळजीपणा, चुकीच्या टायरची निवड, इतर. साहेबाने पहिल्या दोन्हींवर टिक केली आणि ‘इतर’पुढे आडवी रेघ मारली. रस्ता नावाचा चौकोनच नव्हता. छापणाऱ्याला वाटलं असेल, रस्त्याने कुणाचं काय वाकडं केलंय?

मामाला घरी बसवलं. आठ दिवसांत योग्य टायर बसवून बिल दाखवा, नाहीतर रूट दुसऱ्या गाडीला जाईल. मामा साताऱ्याकडचा. वीस वर्षं स्टिअरिंगवर, आणि एकदाही निष्काळजी हा शब्द त्याच्या वाट्याला आला नव्हता. तो फॉर्मची झेरॉक्स घेऊन आमच्याकडे आला आणि चहाला हात न लावता बसून राहिला.

“वाच गं,” म्हणाला, “तू कागदं लिहितीस न्हवं लोकांच्यासाठी? हितं माझ्याबद्दल काय लिवलंय बघ.”

मी वाचलं आणि पेटले. मी पत्रकं काढते. कामोठ्यातल्या तुंबलेल्या गटारावर, कायम कुलूप असलेल्या बागेवर, खड्ड्यांवर तर चार. माझ्या पत्रकांत उद्गारचिन्हं फार असतात अशी लोकांची तक्रार आहे. खड्डे कमी करा, चिन्हं कमी करते.

खरी मजा पुढे आहे. फाटलेला टायर जुना नव्हता. होळीनंतरच मामाने चारही नवे घेतले होते. दुकान कळंबोलीत, आणि मालक रायगडच्या किनाऱ्याकडचे, पांढऱ्या दाढीचे, ज्यांना सगळे चाचा म्हणतात. चाचांनी तेव्हा मामाला सरळ प्रश्न विचारला होता, जो ते प्रत्येकाला विचारतात: “ऑन-रोड किती टक्के, ऑफ-रोड किती?”

आता आमच्या मामाला हा प्रश्न टायरचा वाटलाच नाही, चारित्र्याचा वाटला. दारू किती पिता, असं कुणी विचारल्यासारखं तो ताठ झाला. “चाचा, आपन रस्ता सोडून कधी गेलो न्हाय. शंभर टक्के ऑन-रोड.”

चाचांनी मग शंभर टक्के रस्त्यावरच्या माणसाला द्यायचे ते टायर दिले: गुळगुळीत चालणारे, आवाज न करणारे, बाजूने पातळ. हायवेला झकास. तळोज्यात ते केळीचं पान. मामा खोटं बोलला नव्हता. रस्ता खोटं बोलत होता.

दुसऱ्यांदा दुकानात मीही गेले, सोबत म्हणून नाही, देखरेखीला. माझं म्हणणं तयार होतं, रिक्षात पाठ करून आले होते. “मामा, ऑल-टेरेन टायर घ्यायचे नाहीत. जंगल, डोंगर, नदी, सगळीकडे चालणारे टायर एमआयडीसीला जायला घ्यायचे म्हणजे शरणागती आहे. एकदा का आपण असले टायर घेतले, की तो रस्ता कधीच होणार नाही.”

मामा म्हणाला, “बरं मग काय, तुजी पत्रकं गुंडाळू चाकाला?”

चाचा खोकल्यासारखं हसले.

आमच्या आधी एक गिऱ्हाईक होतं. नेरूळचा तरुण, गाडी ट्रकच्या उंचीची, मागच्या काचेवर डोंगराचं स्टिकर. चाचांनी त्यालाही तेच विचारलं. तो पटकन म्हणाला, “साठ ऑफ-रोड, चाळीस ऑन. अ‍ॅक्च्युअली सत्तर धरा.” त्याला सगळ्यात राक्षसी टायर हवे होते, ज्यावरचे रबराचे ठोकळे दुरून मोजता येतील. चाचा म्हणाले, “भाऊ, हे चिखलाचे टायर. सिमेंटच्या रोडवर हेलिकॉप्टरसारका आवाज करतील, पेट्रोल जास्त खातील, आणि पावसात ब्रेक मारला तर गाडी उशिरा थांबेल. जाता कुठं तुमी?”

“लोणावळ्याला.”

“एक्स्प्रेसवेनं?”

“हो, पण पुढे फार्महाऊसच्या गेटपाशी रस्ता कच्चा आहे.”

मी मोठ्याने हसले. त्याने वळून पाहिलं. मी हसू आवरलं नाही, का आवरावं? त्याचा गाडा आयुष्यात एकदाच चिखलात जातो, तोही फोटो काढायला, आणि दुसऱ्या दिवशी पाच जण लागून धुतला जातो. त्याला सत्तर टक्के ऑफ-रोड म्हणवून घ्यायची हौस. आणि सहा बायकांना घेऊन रोज चिखल तुडवणारा माझा मामा शंभर टक्के ऑन-रोड! टायर विकत घेताना नवी मुंबईत जो तो दुसऱ्याचाच पत्ता देतो.

तो राक्षसी टायर घेऊन गेला. हेलिकॉप्टर पाम बीचच्या गुळगुळीत रस्त्याकडे निघालं.

मग चाचा मामाकडे वळले. “मामा, मागच्या खेपेला मी चुकलो. तुमी रस्ता म्हनालात आनि मी ऐकून घेतलं. तितं रस्ता हाय का, हे मी विचारायला पाहिजे होतं.”

“हाय की,” मामा म्हणाला. “नकाशात दावतोय.”

“नकाशावर टायर चालत नाय.”

आणि मग त्या दोघांनी मला बाजूला ठेवून जे केलं, ते माझ्या चार पत्रकांत मिळून नव्हतं. मामाने सकाळची फेरी तोंडाने चालवून दाखवली. कामोठ्यातल्या गल्ल्या, मग हायवे, पूल, सिमेंट, ओलं असलं की घसरतं, टँकर अचानक ब्रेक मारतात. शेवटी एमआयडीसीचं वळण, तिथून गेटपर्यंत पेव्हर ब्लॉक, केमिकलचं पाणी, सळ्या. चाचा बोटांवर अंदाज बांधत होते. “म्हंजे बराचसा रोड, थोडंच खराब. पन ते थोडंच गाडी खातं.” म्हणून चिखलाचे नकोत, ओल्या सिमेंटवर सहा बायांचा जीव जाईल. हायवेचेही नकोत, ते अनुभवलंच. मधले, सौम्य नक्षीचे ऑल-टेरेन घ्यायचे: मधल्या पट्ट्यात ठोकळे जवळजवळ, म्हणजे पाणी कापतील आणि ब्रेक लागेल. बाजू मात्र जाड, ब्लॉकने चिरली जाणार नाही अशी. आवाज थोडा होईल. बायका तशाही गाडीभर गप्पा मारतात, मामा म्हणाला, त्यात काय कळणार.

मी पुन्हा तोंड उघडलं. “पण तत्त्व?”

मामाने माझ्याकडे नीट पाहिलं. “पोरी, उद्या सात वाजता त्या बाया कोपऱ्यावर हुभ्या राहतील. त्यांना मी तत्त्वावर बसवू?”

पत्रक लिहिणाऱ्याला असा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून आम्ही एवढे शूर असतो.

टायर बसले. चाचा बिल लिहायला लागले, तेव्हा मला सुचलं. माझं त्या दिवसातलं एकमेव उपयोगी वाक्य. “चाचा, वापर पण लिहा ना. ऑन-रोड, ऑफ-रोड. आणि ऑफ-रोडपुढे रस्त्याचं नाव.”

चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला, थोडा विचार केला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: ‘ऑफ-रोड वापर: एमआयडीसी वळण ते कंपनी गेट.’ खाली दुकानाचा शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी साहेबाने बिल वाचलं. मी गेटबाहेर होते, मामाने नंतर सांगितलं. साहेब म्हणाला, “हे काय मामा? हा तर आपल्याच गेटचा रस्ता आहे.”

“व्हय साहेब.”

“ऑफ-रोड कसा?”

“टायरवाल्यानं लिवलंय. योग्य टायर मागितलावता न्हवं तुमी? ह्या रस्त्याला योग्य हाच.”

साहेबाने बिल फाइलला लावलं. योग्य टायरचा पुरावा त्यानेच मागितला होता, नाकारणार कसा? रूट मामाकडे राहिला. पण पहिल्या चौकोनातली टिक तशीच आहे. खोडायला सांगितलं तर म्हणे, एकदा केलेला अहवाल बदलता येत नाही. खड्डा बदलत नाही, अहवाल बदलत नाही. बदलतो तो टायर, आणि तो बदलायचा आमच्या माणसाने. मामा आजही गाडी काढताना म्हणतो, “चला, निष्काळजी निघाला,” आणि हसतो. मला नाही हसू येत.

म्हणून आता पाचवं पत्रक काढत नाही. तुम्हाला काम सांगते. पुढच्या वेळी टायर फाटला, फुगा आला, पंक्चर झालं, तर दुकानदाराकडून पावतीवर रस्त्याचं नाव लिहून घ्या, शिक्का घ्या, आणि झेरॉक्स वॉर्ड ऑफिसच्या टेबलावर ठेवा. एकट्या मामाची पावती फायलीत दबते, तुमच्या सगळ्यांच्या दबणार नाहीत. आणि कुणी विचारलं, ऑफ-रोड किती टक्के, तर लाजू नका, फुशारकीही मारू नका. आपल्या घरासमोरचा रस्ता आठवा आणि खरं सांगा.

शेवटचा टायर कुठे फाटला होता तुमचा? लिहा. आत्ता.