सुताराच्या पोराचा पाळणा

शेणवे गावाच्या अंगाला देवराम सुताराचं घर. घरात माणसं दोन, देवराम आणि त्याची बायको हौसा. तिसरा आढ्याला टांगलेला सागवानी पाळणा. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी देवरामनं तो हौसेनं केला होता. त्यात त्यांची तीन पोरं वाढली आणि आपापल्या वाटेनं गेली, पण पाळण्याला म्हणून कधी सवड मिळाली नाही. कारण हौसा सुईण. जी बाई तिच्या हातून सुटली, तिच्या दारात बाराव्या दिवशी हौसा पुढं आणि पाळणा डोक्यावर घेतलेला देवराम मागं, असे दोघं हजर व्हायचे.

आणि बारशाला गाणंही तिचंच. प्रत्येक घराचं वेगळं! बाप काय करतो, मामा कुठला, कोणती गाय व्यायलीय, सगळं त्यात यायचं. एकदा एका आळशी बापाला तिनं त्या गाण्यात असा काही ओवला, की गडी दुसऱ्या दिवशी कोंबडं आरवायच्या आधी नांगर घेऊन शेतावर! अजून त्याला लोक त्या गाण्यावरून हाक मारतात.

मग ब्याण्णवच्या सुमाराला मिशनच्या सिस्टर लोकांचा दवाखाना आला. पांढऱ्या खाटा, सुया, सलाईन. बाया तिकडं जाऊ लागल्या. हौसाला त्याचा राग नव्हता. अडलेली बाई सुटते म्हटल्यावर राग कसला? पण झालं काय, की दवाखान्यातून घरी आलेलं पोर लुगड्याच्या झोळीत पडू लागलं आणि बारसं विसरलं गेलं. दोन वर्षं पाळणा आढ्यावरून खाली उतरला नाही.

रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात. हौसाला तर तो नुसता दिसलेलाही सोसेना.

"येत्या होळीला घाला त्याला होळीत," एक दिवस ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांपुढं नको."

त्या रात्री देवरामला भाकरी गोड लागली नाही.

डिसेंबरात दवाखान्याच्या सिस्टर इस्तेलानं त्याला नाताळाच्या देखाव्यासाठी लहानसा गोठा करायला सांगितला. ही बाई मंगळूरकडची. मराठी शिकली ती बाळंतिणींच्या कण्हण्यातून, त्यामुळं तिला "आई गं" आणि "मेले मेले" फार छान म्हणता यायचं. देवरामनं गोठा केला, पेंढा अंथरला, आणि नाताळाच्या दुपारी घरी येऊन भोळं तोंड करून म्हणाला, "अगो, सिस्टरबाईंनी एक बाळंतीण गोठ्यात ठेवलीय. पोर पेंढ्यावर उघडं."

"काय सांगता काय!" हौसानं डिंक, बाळंतशेपा, टोपरं, फडकं, शेगडी, सगळं बोचक्यात बांधलं आणि निघाली. दोन वर्षं ज्या दवाखान्याची पायरी चढली नव्हती, तिथं ती थेट आत शिरली.

बघते तर प्लास्टरच्या मूर्ती! मागं देवराम पदरात तोंड लपवण्यासारखं हसत होता, फक्त पदर नव्हता.

दुसरी कुणी असती तर चिडून परत फिरली असती. हौसा वाकून बघत राहिली. मग तिनं सिस्टरला विचारलं, "हिला बाळंत होऊन किती वेळ झाला?"

"आत्ताच... म्हणजे आजच."

"आणि ओली बाळंतीण गुडघ्यांवर बसवलीत? कानाला फडकं नाय, अंगाखाली बाज नाय? कुणी म्हातारं माणूस नव्हतं का गो जवळ?"

"नव्हतं, मावशी. परगावी होती बिचारी. कुणी घरात घेतलं नाही."

हौसाचा चेहरा पालटला. तिनं मरियाबाईच्या कानांवरून फडकं बांधलं, बाळाला टोपरं घातलं, गालाला तीट लावली. शेगडी ठेवायला लागली तेव्हा सिस्टर ओरडली, "आग नको गं, पेंढा आहे!" मग विस्तव नसलेली शेगडी ठेवून तिनं समाधान मानलं. "बाप कोण हिचा... पोराचा?"

"योसेफ. सुतार होता."

हौसा सावकाश देवरामकडं वळली. "सुताराचं पोर, आणि पाळणा नाय!"

देवराम हसायचा थांबला.

संध्याकाळी मिस्सासाठी, म्हणजे नाताळाच्या प्रार्थनेसाठी, फादर बस्त्याव आले. लोकांना परतीची एसटी मिळावी म्हणून मिस्सा उजेडातच. बरोबर कल्याणहून गाणारी मंडळी, गिटार आणि विजेवर वाजणारी पेटी. त्यातल्या एक बाई गोठ्यापाशी थबकल्या. "हे काय? मरियामातेची दाढ दुखते का?"

सगळे हसले. सिस्टरनं फडकं सोडायला हात पुढं केला. हौसा दाराशी उभी होती, ती आपलं बोचकं आवरायला लागली.

"राहू द्या," फादर म्हणाले. ते वसईचे. "मी झालो तेव्हा माझ्या आईनं असंच फडकं बांधलं होतं. तिचा तसला एकच फोटो आहे घरात." मग हौसाला म्हणाले, "आजी, सिस्टर सांगते तुम्ही पाळणा गाता. आज आमच्या बाळासाठी म्हणाल?"

देवरामला वाटलं, वाचला पाळणा! तो घरी पळायच्या बेतात होता, तेवढ्यात हौसा म्हणाली, "आज? नाय."

"का हो?"

"जल्मल्या दिवशी कुणी पोर पाळण्यात घालतं? बारावा नायतर तेरावा दिवस येऊ दे. आमच्यात तसं नाय चालत."

देवरामनं कपाळावर हात मारला. "म्हातारे, दारी आलेलं हाकलतेस!"

"तुमी गप ऱ्हावा. सुतार हाव, सुईण नाय."

फादर बोटांवर काहीतरी मोजत होते. मोजता मोजता त्यांना हसू फुटलं. "सहा जानेवारीला, म्हणजे बाराव्या दिवशी, आमच्याकडं तीन राजे येतात. लांबून, उंटावरून, बाळाला भेटी घेऊन."

"मग सरळ सांगा की, बारशाचे पाव्हणे!" हौसा म्हणाली. "त्यांना सोन्याचं नको म्हणावं, कुंची आणा."

सहा जानेवारीला देवरामनं पाळणा डोक्यावर घेतला तेव्हा रस्त्यातल्या बाया विचारू लागल्या, "कुणाचं बारसं?" "सुताराच्या पोराचं," तो ऐटीत सांगत गेला. दवाखान्यातल्या प्रार्थनेच्या खोलीत पाळणा टांगला. आता नाव कानात सांगायला आत्या हवी. आत्या कुठली आणायची? हौसानं सिस्टर इस्तेलाला पुढं ढकललं. ती बिचारी पाळण्यात वाकून "कुर्र" करते न करते, तोच जमलेल्या बायांनी तिच्या पाठीत दणादण धपाटे घातले. "आई गं! मेले मेले!" सिस्टर अस्सल मराठीत ओरडली. फादरांना खाली बसायला लागलं, इतके ते हसले.

मग हौसा गायली.

पहिल्या गं दिवशी परक्याचा गोठा,
गाईच्या उबेला नाय काही तोटा, जो जो रे बाळा.
बाराव्या दिवशी उंटांची रांग,
सुतारा रे बाबा, पाळणा टांग, जो जो रे बाळा.

पेटीवाला पोरगा सूर शोधत बसला. सापडेना, तेव्हा त्यानं पेटी बंद केली आणि बाकावर नुसता ठेका धरला. तेच बरं झालं.

गाणं संपलं. हौसानं दोरी सोडली आणि देवराम पाळणा उतरवायला शिडीवर चढला. आतल्या खोलीच्या दारात चंद्रकला उभी होती, परवाच दवाखान्यात बाळंत झालेली, कानाला फडकं. हौसानं विचारलं, "फडकं कुणी बांधलं गो?"

"सिस्टरनी. म्हणाल्या, मरियाबाईला चालतं तर तुला का नाही?" आणि मग जराशी लाजत, "आजी, पाळणा परत आढ्याला नका लावू. बाराव्याला आमच्याकडं आणा. आणि गाण्यात माझ्या माहेरचं नाव घाला."

"तुझं म्हायेर कुठलं?"

"टोकावडे."

"अगो, माझंबी तेच! मग तर दोन कडवी जास्त."

त्या वर्षी होळीला देवरामनं बाभळीची लाकडं दिली. पाळणा तेव्हा चंद्रकलेकडून चौथ्या घरी पोचला होता. पुढं पुढं तर घरच्या आढ्याला नुसते दोन आकडेच उरले. डिसेंबर आला की देवराम गावोगाव विचारत फिरायचा, "सध्या पाळणा कुणाकडं?" आणि ज्या घरी सापडे त्या घरच्या बाईला सांगायचा, "सहा जानेवारीला एक दिवस मोकळा करा हो. सुताराच्या पोराचं बारसं हाय."