मताचा मुखत्यार

माझी धाकटी बहीण उलव्याकडच्या एका गावात दिलेली. सासरची शेती विमानतळात गेली, बदल्यात प्लॉट आला, प्लॉटवर इमारत झाली आणि दोन फ्लॅट घरात आले. ते कुणाच्या नावावर, हे त्या घरात बाईने विचारायचं नसतं. तिचा नवरा मात्र वेगळा होता. कावीळ होऊन गेला बिचारा. जाण्याआधी त्याने आपल्या वाट्यातलं थोडं क्रिप्टोत टाकलं होतं, तेही बायकोच्या मोबाईलवर. हे तुझं आणि पोरीचं, माझ्या भावालाही कळू देऊ नकोस, असं बजावून गेला.

मला हे कळलं तेव्हा मी तिच्यावर डाफरले. मी वाशीत राहते, बँकेत काम करते, त्यामुळे सगळ्यातलं मला कळतं असा माझा तोरा. काढ ते आणि एफडी कर, म्हणून मागेच लागले. पण एफडी म्हटली की पासबुक आलं, आणि त्या घरात पासबुक लपवायला कोपरा नव्हता. ती म्हणाली, "ताय, इथं नाव नाय, गाव नाय. कोनाला कलनार?" मग मी एफडीचा नाद सोडला. पोरगी बारावीत होती, तिला नर्सिंगला जायचं होतं आणि काका तिचं लग्न जुळवायला निघाला होता. पोरीला घेऊन वाशीत खोली करायची, असं आम्हा दोघींचं ठरलं होतं. त्यासाठी तिच्याकडे एवढंच होतं.

नवऱ्याने घेतलेल्या त्या क्रिप्टोच्या नाण्याचा म्हणे कुणी मालक नव्हता. ज्याच्याकडे नाणी, त्याला मत, आणि मतांवर सगळा कारभार. गावात बऱ्याच जणांनी ती घेतली होती, बहिणीच्या चुलत दिराच्या नादाने. तो गावाचा मुखत्यार. प्लॉटच्या वेळी सगळ्यांनी त्यालाच कुलमुखत्यारपत्र करून दिलं होतं आणि त्याने ऑफिसात खेटे घालून एकेकाचा प्लॉट सोडवून आणला होता. त्यामुळे नाण्याच्या अॅपमध्ये आपलं मत दुसऱ्याला सोपवायची सोय दिसली तेव्हा कुणी दोनदा विचार केला नाही. गावाने मतं त्याला देऊन टाकली. बहिणीनेही दिलं. घरचा माणूस, आणि त्याला नुसता नंबर दिसणार, नाव थोडंच दिसणार होतं.

मग अॅपवर मताला ठराव आला. प्रत्येक खात्याला खरं नाव आणि चेहरा जोडायचा, नाहीतर खातं गोठणार. गावाने देवळात बैठक घेतली. बहीण मागे बायकांत बसली होती. कुणाला इन्कम टॅक्सची धास्ती, कुणाला सख्ख्या भावाची, पण एकजात सगळे नको म्हणाले. मुखत्याराने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी गावाची सगळी मतं ठरावाच्या बाजूने टाकली. ठराव पास झाला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तडक त्याच्या इस्टेट एजन्सीत गेले आणि गिऱ्हाइकांसमोर त्याला झापलं. त्याने शांतपणे चहा मागवला.

"ताय, आपला गाव नको बोलला असता तरी काय होनार होता? तीन जनांकडं निम्म्यावर नानी हायत. ते बोलतील तोच ठराव."

त्याने मोबाईलवर दाखवलंही. तीन लांबलचक नंबर, पुढे नाव नाही. नियमात बारीक अक्षरात लिहिलं होतं की कारभार बघणाऱ्यांना सुरक्षेसाठी चेहऱ्याची सूट आहे. म्हणजे ते तिघे पडद्याआड, आणि माझ्या बहिणीने तोंड दाखवायचं! मग तू कशाला बाजूने गेलास, विचारलं, तर जरा फुशारकीनेच म्हणाला की आपल्या भागातली नावं तपासायचं काम आता त्याला मिळालंय.

मी घरी येऊन बहिणीला फोन केला, म्हटलं, काढून घे सगळं. पण चेहरा जोडल्याशिवाय काढणंच बंद झालं होतं. शेवटी ती माझ्याकडे येऊन स्वयंपाकघरात बसली आणि मोबाईल सांगेल तशी उजवीकडे वळली, डावीकडे वळली. पैसे हातात यायला काही दिवस लागणार होते. तिचं नाव मुखत्याराकडे मात्र लगेच पोचलं.

रविवारी दुपारी मी तिच्याकडे होते. तिचा सख्खा दीर आला, बरोबर मुखत्यार. दीर ओरडला असता तर बरं झालं असतं, माझ्याकडे उत्तरं तयार होती. तो सोफ्यावर बसून हळू आवाजात बोलत राहिला. भावाचा पैसा घरात राहिला पाहिजे, पोरीचं लग्न आम्हीच थाटात करणार. बहिणीचा मोबाईल टीपॉयवर होता, तो त्याने उचलला. पैसे दिराच्या खात्यात वळवायला मुखत्याराने त्याला एकेक बटण सांगितलं. मी पोलिसांचं नाव काढलं, तर मुखत्यार म्हणाला, जा ना, कुनाच्या नावानं तक्रार देशील? त्या तिघांच्या?

शेवटी अॅपने चेहरा मागितला. दिराने मोबाईल बहिणीच्या तोंडासमोर धरला. तिने डोळे घट्ट मिटून घेतले. मी मोबाईलवर झडप घातली, मुखत्याराने माझा हात धरून ठेवला.

"वयनी, डोले उघरा," दीर तशाच हळू आवाजात म्हणाला.

ती हलली नाही. मी ओरडत होते, मला वाटतं शिव्याही देत होते. त्या आरडाओरड्याने आतली पोरगी दारात आली आणि घाबरून तिने हाक मारली, "आये?"

बहिणीने डोळे उघडले.