वरचं दूध

माझी मुलगी जन्मली त्या महिन्यात माझ्या छातीवर इतक्या जणांचा हक्क होता, की मलाच नंबर लावावा लागला असता. हॉस्पिटलमधली सिस्टर यायची, न विचारता गाऊनची बटणं काढायची, दाबून बघायची आणि म्हणायची, "येतंय की! तुम्ही टेन्शन घेता म्हणून बाळ ओढत नाही." मग स्तनपानाचा सल्ला देणाऱ्या एक मॅडम यायच्या. त्यांच्याकडे कापडाची बाहुली होती. ती बाहुली कशी धरायची, तिचं तोंड किती उघडायचं, हे त्या हसत हसत दाखवायच्या. बाहुलीला भूक लागत नव्हती आणि त्यांच्या पोटाला टाके नव्हते. भिंतीवर पोस्टर होतं, आईचं दूध म्हणजे अमृत. सिझरनंतर तीन दिवस मी त्या पोस्टरवरच्या गोबऱ्या बाईकडे बघत पडून होते आणि मला तिचा मनापासून राग येत होता.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमच्याकडे रीत आहे. पण सासूबाई म्हणाल्या, टाके आहेत, डॉक्टर जवळ हवेत, सायखेड्याला कुठे धावाधाव करायची, इथेच राहू दे. म्हणून मी माहेरी गेले नाही, माझं माहेरच गंगापूर रोडवरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आलं. आई दोन पिशव्या घेऊन उतरली. एकीत मेथीचे लाडू, अळीव, बाजरीचं पीठ. दुसरीत तिची तीन लुगडी आणि रुमालात गुंडाळलेली चांदीची वाटी-चमचा, नातीसाठी सराफ बाजारातून मुद्दाम घेतलेली. मुलीच्या सासरी महिनाभर राहायचं या कल्पनेनंच ती अर्धी झाली होती. चहा घेतानासुद्धा ती खुर्चीच्या कडेवर बसायची.

सासूबाई शाळेतून रिटायर झालेल्या. आवाज अजून वर्गात असल्यासारखा. त्यांनी दोन्ही मुलांना अडीच-अडीच वर्षं अंगावर पाजलं, हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं, कारण त्या कुणालाही सांगत. आता तर दिवसातून चारदा सांगायच्या. "आमच्या वेळी पावडर वगैरे काही नव्हतं. आणि होतं तरी आम्ही हात लावला नसता." माझा नवरा ते अडीच वर्षांचं फळ. तो शेजारी बसून मोबाइलवर मॅच बघायचा.

मी काय खाल्लं नाही त्या दहा दिवसांत! अळिवाची खीर, शतावरी, डिंक, लसूण घालून शिजवलेलं काय काय. दूध उतरायचं ते चमचाभर. मुलगी चोखायची, दमायची, रडायची, रडता रडता झोपायची. माझी बोंडं फाटून रक्त येत होतं. आयांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, त्यावर मी हे लिहिलं. तिथल्या एकीनं उत्तर दिलं, डिअर, तुझा स्वतःवर विश्वास हवा. मी ग्रुप सोडला. दहाव्या दिवशी वजन केलं. जन्मताना दोन किलो आठशे असलेली मुलगी दोन किलो चारशेवर आली होती.

मुलांचे डॉक्टर चांगले होते, कमी बोलणारे. त्यांनी तिच्या टाळूवरून बोट फिरवलं, मांडीची कातडी चिमटीत धरून सोडली आणि म्हणाले, "अंगावर पाजत राहा, पण आता वरचं दूध सुरू करायला लागेल. बाटली नको. वाटी-चमच्यानं द्या. डब्यावर लिहिलंय तसंच करायचं, अंदाजपंचे नाही." सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर, थोडी वाट बघूया का?" डॉक्टर म्हणाले, "आणखी किती?"

रिक्षात मी भांडले. घरी येऊन भांडले. सासूबाई म्हणाल्या, ही तुझी नोकरीवर लवकर जायची तयारी आहे. मी म्हणाले, हो आहे, आणि ती जगली तर मी नोकरीवर जाईन ना! नवरा पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवून म्हणाला, "असं अभद्र बोलू नकोस." मी त्याला म्हणाले, "मग डबा आण." तो गेला आणि आणला. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली आई आत वळली आणि तिनं पाणी उकळायला ठेवलं. त्या घरात माझ्या बाजूनं असं तेवढंच कुणीतरी होतं.

त्या दिवशी मुलगी पहिल्यांदा पोट भरून झोपली. मला वाटलं, मी जिंकले.

दोन दिवसांनी सासूबाईंची निफाडची जाऊ बाळाला बघायला आली. बाईंनी बाळाच्या हातात पाचशेची नोट ठेवली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून ओरडून विचारलं, "हे डब्याचं कोणासाठी गं? अंगावर पाजत नाही का ही?" बैठकीत आणखी दोघी होत्या. सगळ्यांची मान एकदम माझ्या छातीकडे वळली. सासूबाई म्हणाल्या, "काय करणार, आजकालच्या मुली." पुढचा अर्धा तास त्या चौघींनी दुधावर चर्चा केली. कुणाच्या सुनेला किती यायचं, कुणाची म्हैस जास्त द्यायची, सगळं एकाच आवाजात. मी आत जाऊन पलंगावर बसले आणि ऐकत राहिले. माझ्या तोंडात इतकी उत्तरं होती की आजही ती पुरतील. मी एकही दिलं नाही.

त्याऐवजी मी काय केलं, ते सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई देवळात गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. पावडर एका स्टीलच्या डब्यात ओतली, वर चिठ्ठी चिकटवली, नाचणीसत्त्व. पत्र्याचा रिकामा डबा वर्तमानपत्रात गुंडाळला. तेवढ्यात खाली घंटागाडीचं गाणं वाजलं. मी टाके धरून तीन मजले उतरले आणि तो स्वतःच्या हातानं गाडीत टाकला. ज्या दुधासाठी मी रिक्षात तारस्वरात भांडले होते, ते मी चोरीच्या मालासारखं लपवलं. डब्याबरोबर त्यावरचा तक्ता गेला आणि आतला मापाचा चमचाही गेला. चमच्याचं मला जिन्यात वर येताना आठवलं. पण गाडी पुढच्या सोसायटीत गेली होती, टाके ठणकत होते, आणि मला वाटलं, चमचा तर चमचा.

आईनं विचारलं, "यातला तो निळा चमचा कुठंय गं?"

"गेला. कुठलाही लहान चमचा घे. तीस मिली पाण्याला एक. सपाट."

आईनं घरातला सगळ्यात चांगला, सगळ्यात स्वच्छ, नातीचाच असलेला चमचा घेतला. चांदीचा. रोज उकळत्या पाण्यातून काढायची, पदरानं नाही, धुतलेल्या रुमालानं पुसायची. औषधाच्या मापाच्या कपात पाणी मोजायची, डोळे बारीक करून, रेघेवर रेघ. एक चमचा, सुरीच्या पाठीनं सपाट केलेला. कधी कधी मीही करायचे, त्याच चमच्यानं. दूध पातळ दिसतंय असं मला वाटलंही होतं. पण म्हटलं, डब्याचं दूध असंच असेल. पिशवीच्या दुधासारखी साय त्याला कुठून येणार!

दोन आठवड्यांनी वजनाला गेलो तेव्हा सासूबाई बरोबर होत्या. त्यांना बघायचंच होतं. काटा दोन किलो पाचशेवर थांबला. चौदा दिवसांत शंभर ग्रॅम. मुलगी काट्यावर पाय झाडत होती आणि तिचे पाय माझ्या बोटांएवढे जाड होते. सासूबाई हळू आवाजात, पण डॉक्टरांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तरी मी म्हणत होते. नाही मानवत मुलांना असलं काही."

डॉक्टरांनी दिवसातून किती वेळा देता ते विचारलं, शी-शू विचारली. मग विचारलं, "दूध बनवतं कोण?"

मी म्हणाले, "आई."

"मी" असं म्हणता आलं असतं. "आम्ही दोघी" असंही म्हणता आलं असतं आणि तेच खरं होतं. पण मी "आई" म्हणाले.

आई दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. ती उठून उभी राहिली, शाळेत नाव पुकारल्यावर मूल उभं राहतं तशी. "मीच करती जी. पाणी इस मिंटं उकळून घेती. तीसला एक चमचा."

"कुठला चमचा?"

आईच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. तिनं पिशवीतून रुमाल काढला, घडी उलगडली आणि तो चमचा डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. "चांदीचा हाय. नवा. दुसऱ्या कशाला लावला नाय."

डॉक्टरांनी चमचा उचलला. ड्रॉवरमधून कंपनीचा निळा चमचा काढला आणि त्याच्या शेजारी धरला. कुणी काही सांगायची गरज नव्हती. चांदीचा निम्माही नव्हता. माझ्या मुलीनं अकरा दिवस पाणी प्यायलं होतं, पांढरं पाणी. एवढा वेळ ती भुकेनं रडत होती आणि मी तिला थोपटून झोपवत होते.

"डब्यातला चमचा कुठे गेला, आजी? आणि डब्यावर लिहिलेलं कुणी वाचलं नाही?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मी मुलीला झबलं घालत होते. झबल्याच्या नाड्या मला बांधता येत नव्हत्या. मी मान वर केली नाही.

आई म्हणाली, "हरवला जी माझ्याकडून. आन् मला वाचता कुठं येतं!"

आईला वाचता येतं. सातवी झाली आहे ती. गावच्या सोसायटीची नोटीस, देवाची पोथी, द्राक्षावरच्या औषधाची बाटली, सगळं वाचते.

सासूबाई घरी पोचेपर्यंत थांबल्या नाहीत. रिक्षातच सुरू झाल्या. अडाणीपणाला काही सीमा असते. पोरीचा जीव गेला असता. चांदी म्हणे चांदी! आई पिशवी मांडीवर घेऊन बाहेर बघत होती. मी दोघींच्या मध्ये मुलीला घेऊन बसले होते. आईच्या दंडाचा माझ्या दंडाला घाम लागत होता आणि मी मुलीचं टोपडं सारखं करत राहिले. मला सासूबाईंचा राग आला, हे आणखी वाईट. जणू त्या माझ्या आईला बोलत होत्या यात माझा काही संबंधच नव्हता.

त्या दिवसापासून दूध सासूबाई स्वतः बनवू लागल्या. नवा डबा आला, तो ओट्यावर सर्वांसमोर राहिला. नवा निळा चमचा, भिंतीवर वेळांचा तक्ता, त्यांच्या वळणदार अक्षरात. दहा दिवसांत मुलगी तीनशे ग्रॅमनं वाढली आणि सासूबाईंचं डब्याच्या दुधाबद्दलचं मत पार बदललं. आता त्यांना त्यातली जीवनसत्त्वं तोंडपाठ होती. निफाडच्या जावेला त्यांनी फोनवर समजावून सांगितलं, की अंगावरच्या दुधाचं काय एवढं कौतुक, माप महत्त्वाचं. आईचं मुलीला अंघोळ घालणंही त्यांनी बंद केलं. आई दिवसभर लसूण सोलायची.

सव्वा महिन्यानं बारसं झालं. सगळ्या आल्या. पाळण्याभोवती बसून सासूबाईंनी चमच्याची गोष्ट रंगवून सांगितली, आईच्या आवाजाची नक्कल करून, "चांदीचा हाय, नवा." बायका पोट धरून हसल्या. कुणीतरी आईला म्हणालं, "आजी, घ्या ना नातीला." आई म्हणाली, "नको, झोपू द्या," आणि ताटं उचलायच्या निमित्तानं आत गेली.

मी तिच्या मागे गेले. ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. मी म्हणाले, "आई, मी सांगते त्यांना आत्ता. डबा मी टाकला म्हणून. तू अडाणी नाहीस म्हणून." आणि मी खरंच वळले होते, दारापर्यंत गेलेही होते.

आईनं मागून माझं मनगट धरलं. ओला हात, घट्ट.

"काय गरज नाय," ती म्हणाली. "मी संध्याकाळच्या यष्टीनं जाईन घरी. तुला इथंच ऱ्हायचंय."

बाहेर मुलगी उठून रडायला लागली होती. सासूबाईंनी हाक मारून सांगितलं, दुधाची वेळ झाली. मी आईच्या हातातून मनगट सोडवून घेतलं, डोळे पुसले आणि बाहेर जाऊन त्यांच्यात बसले.