पाणसळीतली फरशी आणि आंबलेलं दूध

आमच्या गावच्या दूध संस्थेच्या अध्यक्षाने मला फसवलं. मी त्याला फसवलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण वणीच्या बाजारात आज नेमकं उलटं बोललं जातं: याने संस्थेला सडकी फरशी घातली.

राजूरच्या बाजूला चुनखडीच्या खाणीत मी ट्रक भरायला लागलो तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं. पुढे जुना टेम्पो घेतला, मग रस्त्याच्या कडेला फरशीचं दुकान टाकलं. भावात मी कोणाचं ऐकत नाही आणि माझं डोकं लवकर तापतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण वाईट दगड दिला, असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. आमच्या वस्तीत आता नवा विहार बांधून झालाय, त्याची फरशी ठरायची आहे. माझे आईबाप जुन्या विहारात सारवलेल्या जमिनीवर बसून वंदना म्हणायचे. तिथे माझ्या हाताने निवडलेला दगड बसावा, एवढीच माझी इच्छा. आणि हीच वेळ साधून हा माणूस माझ्या दगडाची बदनामी करत फिरतो.

संस्थेच्या दूध घेण्याच्या खोलीत राखी चुनखडी बसवायची ठरली होती. मी म्हणालो, दाराकडे उतार देतो, बाहेर मोरी काढा, सांडलेलं दूध धुऊन निघालं पाहिजे. मिस्त्रीने दोरी बांधली, तेवढ्यात दूध घालणारे लोक खवळले.

“उतार कायले? काटा तिरपा बसला म्हणजे आमचंच दूध कमी भरन.”

“अरे बाबा, काट्यापुरता सपाट ओटा करतो ना.”

“आज ओटा सपाट, उद्या कोन पाहून राह्यलं?”

अध्यक्षाची निवडणूक तोंडावर होती. तो मोठ्याने म्हणाला, “सारी खोली पाणसळीत, एकदम सपाट घ्या. लोकायचा भरोसा मोठा की तुमची मोरी?” टाळ्या पडल्या. मी घसा कोरडा होईस्तोवर भांडलो. शेवटी म्हणालो, मग दोन्ही वेळचं दूध झालं की खोली भरपूर पाण्याने धुवा.

“धुऊ ना भाऊ,” अध्यक्ष म्हणाला. “तुम्ही बसवा तं खरी!”

धुतली कोणी? ओल्या फडक्याने दूध इकडून तिकडे सारलं, झालं काम. दोन पावसाळ्यांत काट्याभोवतीची फरशी पांढुरकी, खरबरीत झाली, खळगे पडले. अध्यक्षाने माणसं गोळा केली, नखाने फरशी खरवडली आणि बोट वर केलं. “पाहा, दगड हाय का खडू?”

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमना घेऊन गेलो. भावात मला वाकवणारं हे एकच गिऱ्हाईक, म्हणून त्यांच्यावर माझा विश्वास. त्यांनी वाकून वास घेतला, सांध्यातला चिकट थर काडीने उचलला.

“काका, दगड चांगला आहे. त्यावर जेवणावळ चालू आहे.”

मग त्यांनी सगळ्यांना समजेल असं सांगितलं. दूध साचलं की त्यातले जीवाणू दुधातली साखर खातात आणि आम्ल सोडतात. त्यानेच दूध आंबतं, आणि तेच आम्ल चुनखडीला विरघळवतं. खाणीतल्या उघड्या दगडावर पावसाळ्यात जी काळी साय धरते, तिच्यातही जीवाणूच असतात. ते ओलावा धरून ठेवतात, त्यांच्या श्वासातला वायू पाण्यात मिसळून सौम्य आम्ल होतं, दगड कणाकणाने झिजतो. डोंगराला त्याला युगं लागतात. “इथे तुम्ही त्यांना दोन्ही वेळा वाढताय, म्हणून घाई झाली.”

मी छाती फुगवून अध्यक्षाकडे पाहिलं. तो म्हणतो, “म्हंजे जंतूयनं खाल्ली. मंग यायच्याच फरशीले काहून लागले जंतू? चांगल्या दगडाले लागले असते का?”

मागून कोणीतरी ओरडलं, “कीड लागली भाऊ, फवारनी करा!” सगळे हसले. मॅडमही हसल्या. डोकं फोडून घ्यावंसं वाटलं मला.

घरी आलो. संस्थेला दिलेल्या खेपेतलीच उरलेली चकचकीत फरशी काढली, तिच्यावर चमचाभर दही ठेवलं.

“फरशीवर दही कायले सांडता?” बायको म्हणाली. “खायचं नसन तं मले द्या.”

सकाळी पुसलं, तर दही होतं तेवढ्या जागेची चमक गेलेली, बाकी फरशी आरशासारखी. ती डोक्यावर घेऊन विहार समितीच्या बैठकीला गेलो. समितीतले वडीलधारे एक काका, ज्यांनी मला लहानपणापासून पाहिलंय, त्यांनी त्या डागावरून बराच वेळ अंगठा फिरवला.

“समजलं रे बाप्पा. पण पौर्णिमेले आपल्या विहारात खीर वाटतात. लेकरं सांडतात.”

“तं पुसा ना!” मी ओरडलो.

ओरडायला नको होतं. काका म्हणाले, सध्या थांबू, लोक काय काय बोलून राह्यले. म्हणजे मी सांगितलेलं खोटं नाही, मॅडमचंही खोटं नाही, फरशीवरचा डाग सगळ्यांच्या डोळ्यांसमोर; तरी खरं ठरलं ते अध्यक्षाचं नख.

जीवाणूंवर माझा राग नाही. त्यांना पुढ्यात जे आलं ते त्यांनी खाल्लं. लोकांवरही नाही; काट्यावर नाडले गेलेले लोक उताराला भिणारच. पण उतार कशासाठी हवा, ते मी अध्यक्षाला तोंडावर सांगितलं होतं. धुण्याचा शब्द त्याने दिला होता. आता त्याने विहार समितीपुढे उभं राहावं आणि उत्तर द्यावं: खोली पाणसळीत घ्यायला कोणी लावली, ती धुतली का नाही, आणि माझ्या दगडाला सडका कोणत्या तोंडाने म्हटलं?