बॉनेटवरचं कुंकू

नागपूर सोडलं त्या दिवशी विमानतळापर्यंत गाडी मीच चालवली. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, आईला गाडी येत नाही, आणि नितीन, माझा नवरा, चार महिने आधीच अमेरिकेत पोचलेला. मागच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर दोन वर्षांची इरा, डिकीत तीन बॅगा आणि चौथी बाबांच्या पायाशी. वर्धा रोडवर बाबा एवढंच म्हणाले, "तिथे कोणाच्या तोंडाकडे पाहत बसू नको. आपलं आपण करायचं." विमानतळावर मी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि आत गेले. गाडी परत कोण नेणार, हे आमच्यापैकी कोणीच ठरवलं नव्हतं. शेजारचे काका ऑटो करून येईपर्यंत आई-बाबा दोन तास पार्किंगमध्ये बसून होते, हे मला दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं.

याला आता नऊ वर्षं झाली. हे लिहितेय ते नागपूरच्या माझ्या माणसांसाठी, जे फोनवर विचारतात, "एका जुन्या गाडीसाठी एवढं काय भांडून राहिली?" आणि इथल्या मैत्रिणींसाठीही, ज्यांनी अशाच प्रसंगात मुकाट्याने चेक घेतला आणि मला म्हणाल्या, "सोड ना यार, यांच्याशी कोण डोकं लावणार."

अमेरिकेत पार्सिपनी नावाच्या गावी आलो तेव्हा नितीनची एक गाडी होती आणि ती घेऊन तो सकाळीच ऑफिसला जायचा. अपार्टमेंटपासून दुकान दीड मैलावर, रस्त्याला फुटपाथ नाही. मी म्हटलं, दुसरी गाडी घेऊ, मी चालवते. इन्शुरन्सवाल्याने फोनवर विचारलं, किती वर्षं ड्राइव्ह करताय? मी तोऱ्यात सांगितलं, चौदा. तो म्हणाला, यूएसमध्ये? मग म्हणाला, मॅम, सिस्टिममध्ये तुमचा अनुभव शून्य आहे. त्या शून्याचा हप्ता इतका निघाला की एका पगारात ते जमणारं नव्हतंच. नागपुरात बर्डीच्या बाजारात दिवाळीच्या आदल्या दिवशी गाडी लावून दाखवणारी बाई मी, आणि मी म्हणे नवशिकी. पहिली तीन वर्षं दूध संपलं तर नितीनची वाट बघायची, इराला ताप आला तर नितीनची वाट बघायची, आणि शनिवारी भाजी आणायला बाहेर पडायचं. त्या तीन वर्षांचा राग अजून माझ्या पोटात आहे, आणि तो नितीनवरही थोडा निघाला, बिचाऱ्यावर.

मग मला वर्क परमिट मिळालं. एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली, शिफ्ट सकाळी साडेसहाची, बस नाही. तेव्हा सबनीस काका-काकू भेटले. काका इथे पन्नास वर्षांपूर्वी आलेले डॉक्टर, आता रिटायर्ड. डोळ्यांमुळे त्यांनी ड्रायव्हिंग सोडलं होतं आणि त्यांची सहा वर्षांची पांढरी गाडी गॅरेजमध्ये उभी होती. किमतीचं बोलणं पाच मिनिटांत संपलं, कारण काकूंनी घासाघीस करूच दिली नाही, खालचाच आकडा सांगितला. काकांची अट वेगळीच होती. त्यांनी एक निळी वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "गाडी देतो, पण दसरा चुकवायचा नाही."

काकांची पद्धत अशी की वर्षाचं सर्व्हिसिंग दसऱ्याला. आदल्या दिवशी आयसेलिन गावात एका गुजराती भाईंच्या गॅरेजमध्ये गाडी न्यायची, ऑइल, ब्रेक, टायर सगळं बघून घ्यायचं, घरी आणून धुवायची, आणि दसऱ्याला सकाळी पूजा. काकू तुपात कुंकू कालवून बॉनेटवर श्री काढायच्या. स्वस्तिक काढलं तर इथल्या लोकांचा भलताच गैरसमज होतो, म्हणून श्री. मग काका वहीत लिहिणार, दर दसऱ्याला एक पान, मराठीत, मराठी आकड्यांत: काय बदललं, किती मैल झाले. मीही तसंच करत राहिले. सहा दसरे त्यांचे, सहा माझे. तूपकुंकवाचा तो श्री दरवर्षी त्याच जागी पडायचा, कार वॉशमध्ये पुसट व्हायचा, पण जायचा नाही. पांढऱ्या बॉनेटवर नारिंगी सावली राहून गेली होती.

त्या गाडीने मला माणसात आणलं. एवढंच सांगते, जास्त सांगितलं तर रडायला येईल.

गेल्या मार्चमध्ये कामावर जाताना मी लाल सिग्नलला उभी होते आणि मागून एक पिकअप ट्रक येऊन धडकला. उतरून तो माणूस म्हणाला, सॉरी, फोन बघत होतो. मला मानेला पट्टा लागला, बाकी काही नाही. गाडीची डिकी आत गेली, इंजिन मात्र सुरूच. चूक त्याची, त्याने ती पोलिसांपुढे कबूल केली, म्हणून भरपाई त्याच्या इन्शुरन्स कंपनीने द्यायची. मी म्हटलं, दुरुस्त करून द्या, विषय संपला. आठवड्याने त्या कंपनीतल्या केव्हिन नावाच्या मुलाचा फोन आला: गाडी टोटल लॉस. म्हणजे दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त, तेव्हा गाडी ते घेणार आणि मला किंमत देणार. आणि किंमत कोण ठरवणार? तेच. ज्याने ठोकलं त्याची कंपनी माझ्या गाडीची किंमत लावणार. आधी ती पाडायची, मग म्हणायचं दुरुस्ती महाग पडते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यांनी सांगितलेल्या रकमेत साडेसहाच्या शिफ्टला रोज पोचवेल अशी गाडी मिळत नव्हती. मी आणि नितीनने दोन शनिवार फिरून बघितलं. जी परवडत होती तिला तिथला विकणाराच म्हणाला, हायवेवर जास्त नेऊ नका. नवीनसाठी कर्ज काढावं तर घर घ्यायच्या कर्जाचं, मॉर्गेजच्या अर्जाचं आमचं चाललेलं, बँकेने सांगितलेलं की आता दुसरं कर्ज नको. कंपनीने दिलेली भाड्याची गाडीसुद्धा आकडा सांगितल्यापासून तीन दिवसांत परत करावी लागली होती. म्हणजे पुन्हा घरात बसायचं, पुन्हा खिडकीशी, पुन्हा नितीनची वाट बघत. माझ्यासाठी सगळा प्रश्न एवढाच होता, आणि तो मला दोन्ही घरी कोणालाच पटवून देता येईना.

नितीन म्हणाला, "अगं, चेक घे. काहीतरी मॅनेज करू." इरा म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ कार." मी म्हटलं, बाई, तुला तुझ्या सॉकरला कोण सोडतं ते सांग आधी. मग मी कंपनीचा रिपोर्ट मागवला आणि किचन टेबलवर बसून पानन्‌पान वाचला.

तिसऱ्या पानावर लिहिलं होतं: हूड, म्हणजे आपलं बॉनेट, लालसर पिवळा डाग, रंग खराब, कंडिशन पुअर. त्याचे पैसे कापलेले. खाली होतं: मेंटेनन्स रेकॉर्ड उपलब्ध नाही. त्याचेही कापलेले. वहीच्या बाराही पानांचे फोटो मी स्वतः पाठवले होते. केव्हिनला फोन केला तर म्हणाला, मॅम, ते वाचता येत नाही. मी म्हटलं, वाचता येत नाही आणि उपलब्ध नाही, यात फरक आहे की नाही? तो म्हणाला, तुमचं फ्रस्ट्रेशन मी समजू शकतो. समजतं तर रिपोर्ट दुरुस्त कर ना बाबा. त्याने गाडी स्वतः पाहिलीही नव्हती, कोणीतरी काढलेल्या फोटोंवरून तो बोलत होता.

दोन संध्याकाळी बसून मी वहीचं इंग्रजी भाषांतर केलं. काकांनी प्रत्येक पानावर सही केली. आयसेलिनच्या भाईंनी गॅरेजच्या कॉम्प्युटरमधून बारा वर्षांची यादी काढून दिली, पैसे घेतले नाहीत, वर म्हणाले, "बहेन, छोडना मत." सगळं पाठवलं. आता तरी? आता केव्हिनच्या वरची बाई फोनवर आली. म्हणाली, सर्व्हिस अनियमित आहे. एका वर्षी सप्टेंबरच्या शेवटी, दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्यावर, तिसऱ्या वर्षी परत आधी. एवढं मागेपुढे का?

मी डोळे मिटले आणि दहापर्यंत मोजले. मग त्या बाईला पंचांग समजावलं. चंद्राचे महिने, अधिक मास, दशमी कशी पुढेमागे होते, सगळं. म्हटलं, तुमचा ईस्टर दरवर्षी एकाच तारखेला येतो का? तिकडून टायपिंगचा आवाज येत राहिला. मग म्हणाली, ओके, मेंटेनन्स मी करेक्ट करते. पण डाग हे पेंट डॅमेज आहे, ते तसंच राहील. मी म्हटलं, तो डाग म्हणजेच सर्व्हिस झाल्याची खूण आहे, अजून काय हवं तुम्हाला? ती म्हणाली, रंगाला धक्का लागलेला नाही असं दिसलं तर बघू.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून अर्धी सुट्टी घेऊन मी त्या यार्डात गेले जिथे अशा ठोकलेल्या गाड्या उभ्या करतात. काकूंना फोन करून विचारलं होतं, तुपाचा डाग कशाने जाईल. त्या म्हणाल्या, "आधी खोबरेल लाव, मग भांड्यांचा साबण. हळू घास गं." यार्डातल्या माणसाने पाण्याची बादली दिली आणि तो बाजूला झाला. थंडी होती, बोटं आखडली होती. मी खोबरेल लावून घासत राहिले. कापड आधी नारिंगी झालं, मग लाल. पाऊण तासात बारा वर्षांचा श्री गेला. त्याच्याखाली रंग शाबूत होता, आजूबाजूपेक्षा जास्त चकचकीत, कारण इतकी वर्षं तूपच तर बसत होतं त्यावर. मी फोटो काढले आणि तिथूनच पाठवले. मग गाडीच्या बाजूला उभी राहून रडले, रागाने. कोणाच्या गाडीवर झेंड्याचा स्टिकर असतो, कोणाच्या बंपरवर कॉलेजचं नाव, त्याला कोणी डॅमेज म्हणत नाही.

चार दिवसांनी नवा रिपोर्ट आला. हूड: गुड. किंमत वाढली. पुसल्यावर वाढली, हे मी नितीनला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा त्याने उठून माझ्यासाठी चहा टाकला.

वाढलेल्या पैशात एक बरी, सात वर्षं जुनी गाडी आली, करडी. जुनी मी इन्शुरन्स कंपनीच्या नावावर करून दिली, काकांना फोनवर तसं सांगितलं. ते म्हणाले, "मशीनच ते, जायचंच." पण काकू नंतर म्हणाल्या, त्या दिवशी ते जेवले नाहीत.

आई फोनवर म्हणाली, "झालं ना तुझ्या मनासारखं? आता सोड तो विषय. परक्या मुलखात कशाला कोणाशी वाद घालायचा?" मी हो म्हटलं आणि फोन ठेवला, आणि दिवसभर तिचा तो 'परक्या' शब्द डोक्यात फिरत राहिला. कारण तसं मी राहून पाहिलंय. पहिली तीन वर्षं मी इथे कोणाशीही वाद घातला नाही. त्या इन्शुरन्सवाल्याने शून्य म्हटलं आणि मी थँक यू म्हणून फोन ठेवला. दुकानात जास्त पैसे लागले तरी गप्प, शाळेत इराचं नाव चुकीचं घेतलं तरी हसायचं. कोणाकडे पाहुणे म्हणून गेल्यावर भाजी खारट असली तरी आपण खातोच ना, तसं. या वेळी मात्र बारा पानं, चार फोन आणि एक बादली पाणी घेऊन मी उभी राहिले, आणि एकदाही मनात आलं नाही की आपण कोण लागून गेलो. आई, पाहुणी असते ना, तर मुकाट्याने चेक घेतला असता. हे माझं घर आहे म्हणूनच मी भांडले.